आवड टिकली तर मोठं घेऊ!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे. वाक्य तुमच्या ओळखीचं आहे, बहुतेक तुमच्या घरातलंच आहे:

"आधी स्वस्तातलं छोटं घेऊन बघू. आवड टिकली तर मोठं घेऊ."

गिटार घेताना हे ऐकायला मिळतं, सायकल घेताना मिळतं, कॅमेरा घेताना तर मिळतंच. वाक्य दिसायला मोठं शहाणं आहे. त्यात काटकसर आहे, सावधपणा आहे, आणि "पोराचं खूळ चार दिवसांत उतरेल" हा सार्थ अविश्वासही आहे. बाकीच्या वस्तूंच्या बाबतीत ते कदाचित बरोबरही असेल. पण शिलाई मशीनच्या बाबतीत ते साफ, शंभर टक्के चूक आहे. आणि या वाक्यापायी किती लोकांनी "आपल्याला काही शिवण जमत नाही बुवा" असा निष्कर्ष कायमचा काढून टाकला असेल, देव जाणे.

विषय निघण्याचं कारण म्हणजे आजूबाजूला शिवायची हौस वाढलेली दिसते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी मास्क शिवले गेले, तेव्हा बऱ्याच जणांच्या हाताला पहिल्यांदा सुई लागली. त्यानंतर उशांचे अभ्रे, भाजीच्या पिशव्या, लॅपटॉपची खोळ, ऑनलाइन मागवलेल्या कुर्त्याच्या लोंबणाऱ्या बाह्या.. कारणं वाढत गेली. (ऑनलाइन कपडे कुणाच्या मापानं शिवतात हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे.) मग एक दिवस माणूस "बिगिनर सिलाई मशीन" असं शोधतो, आणि समोर काय येतं? जांभळ्या-पांढऱ्या प्लॅस्टिकचं, मुलांच्या खेळण्यासारखं दिसणारं एक मिनी मशीन. वजन किलोभर. चार पेन्सिल सेलवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर चालणार. किंमत दीड-दोन हजार. वर "घरगुती वापरासाठी उत्तम" अशी ग्वाही. व्हिडिओत एक सुबक हात पातळ सुती कापडाच्या तुकड्यावर एक सरळ टीप मारतो आणि व्हिडिओ संपतो. तो कायम तिथंच का संपतो, हे आता बघू.

आपण इंजिनीअर माणसं, तेव्हा आधी यंत्र समजून घेऊ. मशीनची टीप म्हणजे दोन दोऱ्यांची गाठभेट. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर यायला लागते, तेव्हा सुईच्या मागे वरच्या दोऱ्याचा एक बारीक फुगवटा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या शटलचं टोक येऊन तो फुगवटा पकडतं, बॉबिनभोवती फिरवतं आणि सोडून देतं. मग वरची दांडी दोरा ओढून टाका घट्ट करते, खालचे दाते कापड पुढं सरकवतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मिनिटाला शेकडो वेळा. सुई आणि शटलचं टोक एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावरून गेलं पाहिजे. अंतर जरा वाढलं की फुगवटा हुकला, टाका सुटला. कमी झालं की सुई शटलवर आपटून मोडली.

आता सांगा, जे मशीन जाड कापड आलं की स्वतःच वाकतं, ज्याच्या सुईची दांडी बोटानं हलवली तर डुगडुगते, त्यात हे अंतर सांभाळलं जाणार कसं? जुन्या काळ्या मशीनचं बीड आजीच्या आठवणींसाठी जड नव्हतं हो. ते जड होतं कारण हलायचं नव्हतं. नुसतं डोकं दहा-बारा किलोचं असतं, ते याच कामासाठी.

साधं उदाहरण घ्या, जीन्सची उंची कमी करणे. आपल्यापैकी निम्म्या लोकांची पहिली गरज हीच असते. कापड दोनदा दुमडलं की तीन थर झाले. पण पायाच्या बाजूला जी जाड शिवण असते, तिथं मुळातच चार थर असतात. चार त्रिक बारा. बारा थर डेनिम, आणि समोर पेन्सिल सेल! सुई तिथं पोचते, मोटर "घुंऽऽ" करते आणि थांबते. शिवाय त्या मशीनचा पायाखालचा पेडल बहुतेक वेळा नुसता चालू-बंदचा खटका असतो. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात, असं त्यात नसतं. नवशिक्याला सगळ्यात जास्त गरज कशाची असते? हळू चालवण्याची. वळणावर एक-एक टाका घालण्याची. म्हणजे ज्याला ब्रेक सगळ्यात जास्त लागणार, त्यालाच बिनब्रेकची गाडी.

आता येतो खरा मुद्दा. मुरलेला शिंपी वाईट मशीनवरही बरं शिवेल. टाका सुटला तर आवाजावरून त्याला कळतं की सुई बोथट झाली आहे. खाली गुंता झाला तर बघायच्या आधीच त्याला माहीत असतं की वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नाही. (नवशिक्यांनो, हे लिहून ठेवा: गुंता खाली दिसला तर चूक बहुतेक वेळा वर असते. दाबपाय वर उचला, दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा.) थोडक्यात, त्याला स्वतःची चूक कुठली आणि मशीनची कुठली हे वेगळं करता येतं.

नवशिक्याला नेमकं तेच करता येत नाही. दोरा तुटला.. माझं चुकलं का? टाका सुटला.. माझं चुकलं का? कापड तिरकं गेलं.. माझंच चुकलं असणार! कल्पना करा की तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकताय आणि तुमचा कंपायलर दर दहा वेळांतून तीनदा बरोबर कोडलाही एरर देतो. दहा वर्षं अनुभव असलेला माणूस म्हणेल, "कंपायलर गंडलाय." पहिल्या वर्षाचा पोरगा म्हणेल, "मी मेकॅनिकल घ्यायला हवं होतं." :-)

म्हणून हा हिशोबच उलटा आहे. चांगल्या मशीनची गरज तज्ज्ञापेक्षा नवशिक्याला जास्त असते. "आवड टिकली तर मोठं घेऊ" म्हणताना आपण आवडीची परीक्षा घेतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण तिचा गळा आवळत असतो. तीन आठवड्यांनी ते जांभळं खेळणं माळ्यावर जातं, घरचे म्हणतात "बघ, म्हटलं नव्हतं?", आणि सगळ्यांचा अंदाज खरा ठरतो.

आता यात दोन हजार रुपये गेले एवढंच असतं तर मी शनिवार खर्ची घातला नसता. एवढ्याचे तर आपण एका संध्याकाळी पिझ्झे खातो. पण हाच विचार आपण दुसऱ्यांवर लादतो तेव्हा प्रकरण गंभीर होतं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या (नाव जाऊ दे) सामाजिक उपक्रमाला मी हजर होतो. एका वस्तीतल्या पंचवीस बायकांना "स्वयंरोजगारासाठी" शिलाई मशीनं वाटायची होती. बॅनर झकास, टी-शर्ट झकास, फोटोग्राफर भाड्यानं आणलेला. खोकी उघडली तर आत हीच मिनी मशीनं. त्यातल्या एक ताई आधीपासून हातानं फॉल लावायच्या. त्यांनी मशीन हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दादा, ह्याच्यावर परकर होईल का? नेफ्याला जाड येतं."

कुणाकडेच उत्तर नव्हतं. उत्तर "नाही" असं होतं आणि ते त्यांना खोकं उघडताक्षणीच कळलं होतं. पंचवीस गुणिले दोन हजार म्हणजे पन्नास हजार. तेवढ्यात बिडाची सहा चांगली मशीनं आली असती, चार-चार जणींनी मिळून एक वापरलं असतं आणि परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश सगळं झालं असतं. पण फोटोत पंचवीस दिसले पाहिजेत ना! सरकारनं २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आणली, त्यात शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. योजना राबते कशी यावर वाद घाला, पण अवजाराची किंमत काय धरावी हे तरी तिथं कुणाला तरी कळलं होतं. कॉर्पोरेटवाल्यांना दोन हजार पुरेसे वाटतात.

बरं, आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळू. नाहीतर त्यांना वाटेल आपण सुटलो.

हे म्हणजे आपल्यातले स्पेसिफिकेशन-वाचू. (हा शब्द मी आत्ता बनवला.) यांना शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं की आधी एक्सेल शीट उघडते. मशीन साधारणपणे "बायकोसाठी" घ्यायचं असतं. बायकोला विचारलेलं नसतं. रकाने काय? टाक्यांचे प्रकार: ७, १४, २१, ५०. एलसीडी स्क्रीन आहे का. आपोआप सुईत दोरा ओवतं का. मग वीस-पंचवीस हजारांचं कॉम्प्युटराइज्ड मशीन बारा हप्त्यांवर घरी येतं. त्यावर बदकाच्या आकाराचे टाके घालता येतात. मला एक सांगा, तुमच्या अंगावरच्या कपड्यांत आत्ता किती बदकं आहेत?

शर्ट उलटा करून बघा. सरळ टीप, सरळ टीप, कडेला ओव्हरलॉक, काज-बटण. संपलं. ओव्हरलॉक वेगळ्या मशीनवर होतो, तो तुमच्या पन्नास टाक्यांत नाहीच. घरगुती शिवणातलं बहुतेक काम सरळ टिपेचं असतं. उरलेल्यासाठी झिगझॅग आणि काज. बाकीचे सत्तेचाळीस टाके मार्केटिंगच्या पीपीटीसाठी असतात. आणि त्या मशीनचं सर्किट बोर्ड गेलं, की पेठेतला कुठलाही कारागीर हात वर करतो. मग सर्व्हिस सेंटर, मग "पार्ट मागवलाय सर", मग दीड महिना.

गंमत म्हणजे या दोन्ही आजारांचं मूळ शिलाई मशीनच्या इतिहासातच आहे. एलियास होवेला अमेरिकेत पेटंट मिळालं १८४६ साली, आयझॅक सिंगरला १८५१ साली. मग जो तो एकमेकांवर खटले भरू लागला. शेवटी १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंट एकत्र करून एक टोळकं बनवलं आणि सगळ्यांकडून रॉयल्टी घ्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर पेटंटवाल्यांनो, तुम्ही काही नवीन केलेलं नाही! आणि त्याच सुमाराला सिंगरच्या कंपनीनं मशीन हप्त्यानं विकायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या लाडक्या ईएमआयचे खापरपणजोबा शिलाई मशीनच्या दुकानात जन्मले. फरक एवढाच की त्या हप्त्यांतून येणारं मशीन पुढच्या पिढीला वारशात जायचं. आता हप्ते संपायच्या आत वॉरंटी संपते.

यंत्रांवर टीकेचे आसूड ओढणाऱ्या गांधीजींनीसुद्धा शिलाई मशीनला अपवाद केलं होतं. कारण ते माणसाचे कष्ट कमी करतं, त्याला कामावरून हाकलत नाही. (सिंगरनं बायकोचे कष्ट बघून, प्रेमापोटी मशीन बनवलं अशी त्यांची समजूत होती. सिंगरचं खरं चरित्र वाचलं तर प्रेमाची बाब जरा गुंतागुंतीची निघते.. असो.) पुढं १९३०च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीनं बनायला लागली, लुधियानात मशीनं आणि सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. आज घरोघरी दिसणारं ते काळं, सोनेरी नक्षीचं मशीन याच परंपरेतलं. आराखडा जुना, पण त्याचे भाग आजही नवे मिळतात.

"मग घ्यायचं काय ते सांग ना एकदाचं!" सांगतो.

एक. आधी फोन करा. आईला, मावशीला, काकूला, गावाकडे आजीला. निम्म्या मराठी घरांत एक काळं मशीन आहे, ज्यावर सध्या टीव्ही, कुंडी किंवा इस्त्रीचे कपडे ठेवलेले आहेत. ते भंगारात जायच्या आत ताब्यात घ्या. भंगारवाला त्याला लोखंडाच्या भावात नेतो. तुम्ही एका कारागिराला बोलावून साफसफाई, तेल, नवा पट्टा, नवी सुई केलीत तर काही शे रुपयांत ते धावायला लागतं. पायानं चालवायचं नसेल तर हजार-दीड हजाराची मोटर बाजूला बसवून मिळते, वेग कमी-जास्त करणाऱ्या पेडलसकट.

दोन. नातेवाईक कंजूष निघाले, तर सेकंडहँड काळं मशीन घ्या, किंवा नवंच घ्या. सेकंडहँड साधारण तीन-चार हजारांत, नवं पाच ते आठ हजारांत बसतं, स्टँड-टेबल कसं घेता त्यावर. सेकंडहँड घेताना दुकानदाराच्या कापडावर जाऊ नका. आपलं कापड न्या: एक पातळ सुती तुकडा आणि एक जुन्या जीन्सचा. दोन रंगांचे दोरे न्या, एक वर, एक बॉबिनमध्ये. आधी मोटर न लावता चाक हातानं आपल्या दिशेनं फिरवा. कुठं अडकतंय का, खरखर लागतेय का बघा. सुईची दांडी बोटानं हलवा, डुगडुगली तर नमस्कार करून बाहेर पडा. शटलजवळ गंज आहे का ते मोबाइलचा टॉर्च मारून बघा. मग शिवा. वरचा रंग फक्त वर आणि खालचा फक्त खाली दिसला तर ताण बरोबर आहे. वरचा दोरा खाली डोकावत असेल तर वरचा ताण सैल आहे. तो स्क्रूनं नीट होतो का ते दुकानातच करून बघा. बॉबिन केस सोबत आहे ना, सुई गोल दांडीची लागते की एका बाजूनं चपट्या दांडीची, हे विचारून घ्या. मापं सोपी आहेत: पातळ कापडाला ११, नेहमीच्या सुतीला १४, जीन्सला १६ किंवा १८. सुई काही रुपयांची वस्तू आहे, ती मोडेपर्यंत वापरणं ही काटकसर नाही.

तीन. काहींना काळं मशीन खरोखरच चालणार नाही, हे मला मान्य आहे. टी-शर्ट, लेगिंगसारखं ताणलं जाणारं कापड शिवायचं असेल तर सरळ टीप ताण पडला की तटकन तुटते, तिथं झिगझॅग लागतो. काजं घरीच करायची असतील, किंवा एका खोलीत तीन जण राहात असाल आणि मशीन रोज कपाटात ठेवावं लागणार असेल, तरी तेच. मग पांढरं, साधं, खटक्यांचं झिगझॅग मशीन घ्या. दहा हजारांच्या आसपास नामांकित कंपन्यांची मिळतात. आतली चौकट धातूची आहे का विचारा, टाके सात असले तरी रग्गड. स्क्रीन असेल तर पुढच्या मशीनकडे वळा.

आता नेहमीचे आक्षेप. "काळं मशीन जुनाट दिसतं." तुम्ही टपरीवरच्या कटिंगसाठी "विंटेज" कॅफेत दोनशे रुपये मोजता, तेव्हा कुठं जातं हे? "रिपेअरवाला कुठं शोधायचा?" तुमच्या गल्लीतल्या टेलरला विचारा, त्याच्या वहीत नंबर असतो. बॅगेत पाने, पकड आणि तेलाची कुपी घेऊन घरी येणारे हे काका एका तासात मशीन खोलून, जोडून, चालवून देतात, आणि शेजारी बसलात तर शिकवतातही. असे कारागीर कमी होत चालले आहेत, कारण दुरुस्त होऊ शकेल असं मशीनच आपण घेईनासे झालो आहोत. मिनी मशीन बिघडलं तर कुणी काकांना बोलावत नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकतात. एक कला मरते ती अशी, कुणी मारायचं ठरवलेलं नसताना.

"पण मुलगा असून शिवण?" हा आक्षेप मला प्रत्यक्ष ऐकवला गेला आहे, तोही एका बी.ई. झालेल्या माणसाकडून. संत नामदेव शिंपी समाजातले. तुझ्या लग्नाचा सूट ज्यानं शिवला तो टेलर बाप्या. पैसे घेऊन शिवलं की व्यवसाय आणि घरी शिवलं की बायकी काम, हे लॉजिक कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

तर, मंडळी, या शनिवार-रविवारी एवढंच करा. शोधखिडकी बंद करा आणि घरी फोन लावा. मशीन मिळालं की पहिल्याच दिवशी ब्लाउजला हात घालू नका. वहीच्या रेघांच्या कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवून सरळ जायची सवय करा, मग जुन्या चादरीची पिशवी शिवा. टीप वाकडी आली तर खुशाल वाकडी येऊ द्या. मशीन धड असेल तर निदान एवढं नक्की कळेल की चूक आपली आहे, आणि आपली चूक उद्या सुधारता येते.

चला, पळतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे पडदे दुमडून द्यायचे आहेत, आणि त्या आवाजाची तक्रार करणाऱ्याही त्याच आहेत. :-)